चार बोटं जास्त

“एक ध्यानात ठेव, पोरी. माणूस झिजला की बारीक होतो. तू झिजलीस की लांब होशील. तेव्हा रोज सकाळी मापाला लागत जा.”

मला घडवणाऱ्या लोहारानं शेवटच्या कडीवर हातोडी टेकवता टेकवता हे सांगितलं होतं. मी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. नवी कोरी, चकचकीत; मला कसली झीज नि कसलं काय! उलट अंग हलवून अशी काही खळखळले, की भट्टीजवळ झोपलेलं मांजर शेपटी फुगवून पळालं.

मित्रांनो, मी जमीन मोजायची साखळी. आता मला काचेच्या कपाटात ठेवलंय, त्यामुळे येणारे-जाणारे थांबून बघतात आणि हवे ते तर्क लढवतात. “बापरे, केवढा मोठा कुत्रा असेल!” असं परवा एक बाई म्हणाल्या. एका गृहस्थांनी तर “विहिरीत पडलेली बादली काढायची आहे ही” असं आपल्या मुलाला ठणकावून सांगितलं. काचेमागून बोलता येत नाही, म्हणून गप्प बसले. पण तुम्हाला खरं सांगते.

माझ्या अंगात शंभर कड्या आहेत. कडी म्हणजे वीतभर लांबीची पोलादी काडी, दोन्ही टोकांना वळवून डोळा केलेली. एका कडीचा डोळा दुसरीच्या डोळ्यात छोट्या गोल वळ्यांनी अडकवलेला. दोन टोकांना दोन पितळी मुठी. मधे मधे पितळेचे दातेरी बिल्ले लोंबतात, म्हणजे मोजताना चूक नको. ताणून धरली की मी बरोबर क्रिकेटच्या खेळपट्टीएवढी. गोळा केली की एका पिशवीत मावते. एवढं गुणी अंग कुणाला मिळतं?

लोहाराकडून मी थेट पाणीखात्याच्या नकाशा-कचेरीत गेले. कचेरीच्या अंगणात दोन दगड पुरलेले होते. दोघांच्या डोक्यावर एकेक रेघ कोरलेली, आणि त्या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे एक साखळी, ना केसभर कमी ना केसभर जास्त. रोज सकाळी कामावर निघण्याआधी मला त्या दगडांवर आडवं करायचे. मूठ रेघेला टेकली की “चला, ठीक आहे,” म्हणायचे. आई शाळेत पाठवण्याआधी पोराचं नाक, कान, नखं बघते ना, तसंच. मला त्याचा भारी कंटाळा यायचा.

माझं काम होतं एका दरीतलं पाणी मोजायचं. म्हणजे पाणी नव्हे, पाण्याच्या वाटा. दरीच्या वरच्या तोंडाशी बंधारा. बंधाऱ्यातून कालवा निघे, कालव्यातून पाट, पाटातून शेताशेतात शिरणाऱ्या चाऱ्या. कुणाचं पाणी कुठून येतं हे ज्याच्या त्याच्या डोक्यात पक्कं होतं, पण दोघांच्या डोक्यातलं एक कधी व्हायचं नाही. त्यात आणखी एक गंमत होती. दरीच्या पोटातून एक भुयारी पाट गेलेला होता. उन्हानं पाणी पिऊन टाकू नये म्हणून फार पूर्वीच्या कुणी शहाण्या लोकांनी तो जमिनीखालून खणला होता. त्याला हवा मिळावी आणि गाळ काढायला माणूस उतरावा म्हणून ठिकठिकाणी विहिरीसारखी उभी, खोल तोंडं ठेवलेली. गावातले लोक त्यांना झरोके म्हणत. हे सगळं, वरचं आणि खालचं, पहिल्यांदाच एका नकाशावर आणायचं होतं.

आमचे मोजणीदार उंच आणि इतके ताठ, की कचेरीत त्यांना ‘काटकोन’ म्हणत. सरळ रेषेत चालायची त्यांना एवढी सवय, की वाटेत चिखल आला तर चिखलातून आणि काटेरी झुडूप आलं तर झुडपातून जात. साखळी ओढायला दोन माणसं लागतात, पुढचा आणि मागचा. काटकोन पुढे असत. मागे एक भाड्याचा गडी होता. तिसऱ्याच दिवशी त्यानं मधमाश्यांचं पोळं डिवचलं आणि जो पळाला, तो पगार मागायलासुद्धा परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी मोजणीदारांची बायको आली. लग्नाला फार दिवस झालेले नव्हते. पाठीवर कापडात बांधलेलं तान्हं बाळ.

“मागचं टोक धरायचं, म्हणजे नुसतं उभं राहायचं ना?” तिनं विचारलं.

“नुसतं उभं,” काटकोन म्हणाले.

संध्याकाळी ती पाय पाण्यात सोडून बसली होती आणि नवऱ्याकडे बघत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. एका दिवसासाठी आलेली ती, नकाशा पुरा होईपर्यंत माझं टोक तिच्याच मुठीत राहिलं. आज सगळं गाव तिला आजी म्हणतं. पण मी तिला पाठीवर बाळ घेऊन चालताना पाहिलेली, मी तिला ‘ती’च म्हणणार.

आमची पद्धत अशी. काटकोन मला ओढत पुढे जायचे. ती मागे खुणेच्या खुंटीपाशी मूठ धरून उभी. मी पूर्ण ताणले गेले की ती ओरडायची, “आली!” ते जमिनीत लोखंडी खुंटी ठोकायचे आणि ओरडायचे, “पुढे!” मग ती आपल्या पायाजवळची खुंटी उपटून हातात घ्यायची आणि चालू लागायची. हातात जितक्या खुंट्या, तितक्या साखळ्या झाल्या. “आली!” “पुढे!” “आली!” “पुढे!” बाळाला या तालावर अशी गाढ झोप लागायची, की आम्ही जेवायला थांबलो की ते रडायला लागायचं.

दोघांचं भांडण झालेलं असलं की दिवसभर एवढे दोनच शब्द ऐकू यायचे. त्या दिवशी दोघं दोन टोकांनी मला असं ओढायचे, की माझ्या कड्या कुरकुरायच्या.

दरीच्या खालच्या भागात पोहोचलो तेव्हा कचेरी फार लांब राहिली. दगडांना लागायचं बंद झालं. ती एकदा म्हणालीही, “एकदा जाऊन हिला दगडांवर लावून आणू या का?”

“पेरणी तोंडावर आली. एकदा शेतं नांगरली की आपल्याला कुणी पाऊल टाकू देणार नाही,” काटकोन म्हणाले. तेही खरंच होतं. मला तर आनंदच झाला. परीक्षा टळलेल्या मुलासारखी मी उड्या मारत ढेकळांवरून गेले.

नकाशा झाला. काय नकाशा होता तो! कालवा निळा, पाट हिरवे, भुयारी पाट तुटक रेषेचा, आणि झरोके म्हणजे छोटी छोटी काळी वर्तुळं. तो कचेरीच्या भिंतीवर टांगला तेव्हा दरीतले लोक बायकापोरांसह बघायला आले. ज्यांची वर्षानुवर्षं बोलाचाली नव्हती असे दोन शेजारी एकाच चारीवर बोट ठेवून उभे राहिले. “अरे, म्हणजे माझं पाणी तुझ्या बांधाखालून येतं होय!” एक म्हणाला. “मग मी काय इतकी वर्षं गाणं म्हणत होतो?” दुसरा म्हणाला. दोघं हसत हसतच बाहेर पडले. काटकोनांची मान आणखी ताठ झाली, आणि माझ्या मुठींना कुणीतरी चिंच लावून चकाकी आणली.

पण चकाकी टिकते थोडीच? लवकरच कचेरीत एक पोलादी फीत आली. गोल डबीत गुंडाळून बसायची, कळ दाबली की सुर्रकन आत. आवाज नाही, वजन नाही, नखरा मात्र भरपूर. मला नकाशा-खोलीच्या दाराआड एका खिळ्याला अडकवलं. तिथे माझ्यावर ओल्या छत्र्या वाळल्या, कोट टांगले गेले, कोळ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी संसार केले. अंगणातल्या एका दगडावर फुलझाडाची कुंडी आली आणि दुसऱ्याला येणारा-जाणारा ठेचकाळू लागला. एक दिवस कचेरी अर्धा दिवस बंद ठेवली. काटकोन गेले होते. मला कुणी सांगितलं नाही. दाराआड उभ्यानं बोलणाऱ्यांच्या तोंडून कळलं.

मित्रांनो, रडवत नाही तुम्हाला. कारण त्यानंतर कित्येक वर्षांनी दोनदाबाई आली.

हे तिचं खरं नाव नव्हे. नकाशा-खोलीत जुने नकाशे संगणकावर उतरवायला आलेली तरुण मुलगी, आणि कुठलंही काम एकदा करून तिचं समाधान व्हायचं नाही. कुलूप लावलं की ओढून बघायची, चार पावलं जायची, परत येऊन ओढायची. दुपारी घरी फोन: “गॅस बंद केलाय ना? नक्की? जाऊन बघून सांगा.” तिची लेक नुकती पावलं टाकायला लागली होती. तिच्यामागे धावू शकेल असं घरी कुणी नाही, म्हणून तिला कचेरीतच आणायची. पोर टेबलाखाली झोपली की ही तिच्या नाकाखाली बोट धरायची. बोटाला श्वास लागला की निःश्वास सोडायची. आणि पुन्हा बोट धरायची. कचेरीत सगळे हसायचे, पण नकाशावरची प्रत्येक रेघ तपासायला तिच्याकडेच आणायचे.

लेकीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती उभी राहिली की स्वतःभोवती एक गिरकी घेऊन धपकन बसायची. भिंगरीला माझे पितळी बिल्ले फार आवडले. दाराआड येऊन ती मला हलवायची, मी खुळखुळायचे, ती हसायची. किती वर्षांनी माझा आवाज कुणाला आवडला होता!

“तोंडात नाही घालायचं! गंज आहे, गंज!” दोनदाबाई धावत यायची, तिचे हात पुसायची, मग पुन्हा पुसायची.

एक दिवस आमचा दरीचा नकाशा तिच्या टेबलावर आला. ती तुटक रेषेवरून बोट फिरवत खाली खाली गेली आणि थांबली. झरोक्यांची वर्तुळं होती. जवळजवळ सगळ्यांपाशी काटकोनांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘बुजवला’. शेवटच्या झरोक्यापाशी मात्र लिहिलं होतं, ‘फळ्या टाकून झाकला’.

तिनं तो नकाशा आजच्या गावाच्या नकाशावर ठेवला, मग उचलून पुन्हा ठेवला. शेवटचा झरोका जिथे होता, तिथे आता एक नवी इमारत उभी राहिली होती. पाळणाघर. मागच्या मोकळ्या जागेत मुलांसाठी घसरगुंडी आणि झोके येणार होते. पुढच्या सोमवारी ते उघडणार होतं, आणि पहिल्या मुलांमध्ये भिंगरीचं नाव होतं.

इतक्या वर्षांच्या लाकडी फळ्या, त्यावर हातभर माती, आणि त्यावर उड्या मारणारी मुलं. विचार करा.

कचेरीचे साहेब मनानं चांगले होते. त्यांनी लगेच माणसं पाठवली. नकाशावर खालची दरी सुरू होते तिथल्या खुणेच्या दगडापासूनचं अंतर लिहिलेलं होतं, बरोबर शंभर साखळ्या, कालव्याच्या सरळ काठानं. त्यांनी अंतर मोजलं, खणलं. घट्ट, निर्मळ, कधी कुणी न हलवलेली माती लागली. दोनदाबाईनं शेजारी पुन्हा खणायला लावलं. पुन्हा मातीच.

संध्याकाळी पाळणाघराचं काम घेतलेला ठेकेदार कचेरीत येऊन उभा राहिला. “बाई, तुमच्या नकाशापायी आमच्या मैदानाची चाळण झाली. उद्या तिथे लाल माती पसरायची आहे. पसरू की तुमच्यासाठी आणखी एक तळं खणू?”

“थोडं थांबा ना, भाऊ,” ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “हे बघा, काळजी मला कळते. मलाही मुलं आहेत. पण जुनी माणसं कधी कधी अंदाजानंच लिहायची. शेवटचा तुकडा घरी बसून काढला असेल. खालच्या दरीत एवढ्या उन्हात कोण जाणार?”

मित्रांनो, माझ्या शंभरच्या शंभर कड्या तापल्या. घरी बसून? त्या तुकड्यात काटकोनांचे पाय सोललेले मी पाहिले होते. पाठीवर बाळ घेऊन ती एकेक खुंटी उपटत चालली होती. पण खिळ्याला अडकलेल्यानं ओरडायचं कसं?

साहेब गेले. दोनदाबाई नकाशासमोर बसून राहिली. तेवढ्यात दाराआड भिंगरीनं मला दोन्ही हातांनी हलवलं. मी होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून खुळखुळले.

दोनदाबाईनं मान वर केली. “शंभर साखळ्या,” ती स्वतःशीच म्हणाली. “पण कुठली साखळी?”

साखळीची लांबी किती हे पुस्तकात लिहिलेलं आहे. कचेरीतल्या सगळ्यांनी तीच धरून हिशोब केला होता. पण जी बाई आपल्या लेकीचा श्वाससुद्धा एकदा बघून खरा मानत नाही, ती पुस्तकावर कसा विश्वास ठेवेल? तिनं मला खिळ्यावरून काढलं. कोळी धावत सुटले. ती मला घेऊन अंगणात गेली. ज्या दगडाला रोज ठेच लागायची, त्याच्या डोक्यावरची रेघ तिनं नखानं मोकळी केली. दुसऱ्या दगडावरची कुंडी उचलून खाली ठेवली. मग मला सरळ करून एक मूठ एका रेघेवर टेकवली आणि दुसरीकडे गेली.

माझी दुसरी मूठ रेघेच्या पुढे गेली होती.

तिनं बोटं लावून बघितली. एक, दोन, तीन, चार. चार बोटं जास्त. तिनं मला उचललं, झटकलं, गुंता राहिला नाही ना ते बघितलं आणि पुन्हा लावलं. पुन्हा चार बोटं.

तेव्हा मला लोहार आठवला. एकेका कडीचा डोळा केसभर झिजला होता. शंभर कड्यांचं मिळून अंगावर चार बोटं चढली होती, आणि मला पत्ताही नव्हता! मी लांब झाले होते, म्हणजे माझ्या एका मापात जास्त जमीन मावत होती. काटकोनांनी शंभर लिहिलं ते खरंच होतं. पण ती शंभर माझी होती, पुस्तकातली नव्हे. झरोका आणखी पुढे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब खुर्चीत बसतात न बसतात तोच ती समोर उभी.

“ठीक आहे, सापडलं तर!” साहेब खूश झाले. “शंभर साखळ्यांना चारशे बोटं. तेवढं पुढे जाऊन खणू.”

“नको, साहेब. दगडांवर मी हिला हलक्या हातानं लावलं. ती दोघं किती जोरानं ताणायची ते मला कुठे ठाऊक आहे? तेवढ्यात पुन्हा हातभर इकडेतिकडे झालं तर भाऊ मला त्याच खड्ड्यात पुरतील. त्यापेक्षा ज्या साखळीनं तेव्हा मोजलं, तिनंच आत्ता मोजून घेऊ. जेवढी ती तेव्हा चुकली, तेवढीच आताही चुकेल.”

“म्हणजे चुकीच्या मापानं मोजून बरोबर जागा सापडणार?”

“हो.”

साहेबांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. मग बोटांमधून बघत म्हणाले, “पटतंय, हेच वाईट आहे. पण किती ताणायची हे तुम्हाला कोण सांगणार?”

ते तिनं आधीच शोधून ठेवलं होतं; नकाशाच्या कोपऱ्यात मोजणीदारांच्या नावाखाली मागचं टोक धरणाऱ्या त्यांच्या बायकोचंही नाव होतं. मला पिशवीत घालून, भिंगरीला कडेवर घेऊन ती छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरचे जिने चढली. तिसऱ्या मजल्यावरचं दार वाजवलं. मग पुन्हा वाजवलं.

दार उघडलं. मी पिशवीत होते, मला काही दिसत नव्हतं. पण पिशवी खाली ठेवताना मी मोठ्यानं खुळखुळले, आणि एक म्हातारा आवाज एकदम थांबला.

“पिशवीत काय आहे? थांब, सांगू नकोस. बोलू नकोस.”

एक हात आत आला. सुरकुतलेला, पण मूठ पकडायची पद्धत तीच. अंगठा आत, चार बोटं बाहेर. मित्रांनो, माझ्या गंजाखाली मी लाजले.

दोनदाबाईनं सगळं सांगितलं. ऐकू कमी येतं म्हणून काही गोष्टी दोनदा सांगाव्या लागल्या, त्याची तिला सवयच होती.

“घरी बसून काढला?” ती म्हातारी ताडकन उभी राहिली. “कोण म्हणालं? त्याला म्हणावं, माझ्या टाचा बघून जा!”

“आजी, मला फक्त एवढंच विचारायचं होतं, तुम्ही साखळी किती जोरानं ताणायचात?”

“ते भांडणावर अवलंबून.”

“म्हणजे?”

“भांडण झालेलं असलं की जास्त.” ती हसली. “खालच्या दरीत असताना रोजच भांडत होतो, बाई. ऊन काय कमी होतं? किती ताण ते सांगून कळायचं नाही. उद्या मी येते.”

“अहो, पण एवढे जिने...”

“उतरायचेच तर आहेत. चढायचं संध्याकाळी बघू.”

दुसऱ्या दिवशी जी मिरवणूक निघाली, तशी त्या रस्त्यानं पाहिली नसेल. कालव्याच्या काठावर आता डांबरी रस्ता होता, दुकानं होती, गाड्या होत्या. सगळ्यात पुढे दोनदाबाई माझी मूठ धरून. मागे ती, अंगावर धुतलेलं लुगडं आणि पायांत नातवाचे बूट. तिच्यामागे एका हातात घडीचं स्टूल आणि दुसऱ्या हातावर भिंगरी असे साहेब. ठेकेदार “माझा दिवस वाया” असं पुटपुटत आला होता, पण पहिल्याच चौकात शिट्टी वाजवून गाड्या थांबवू लागला.

“ओढ! अजून ओढ! नवऱ्यावर चिडलीयस असं समज!” ती मागून ओरडली.

“माझा नवरा चांगला आहे हो!”

“मग साहेबावर चीड!”

साहेब सोडून सगळे हसले. मग तेही हसले. मी ताणले गेले, कुरकुरले. मग इतक्या वर्षांनी दरीत तो आवाज घुमला.

“आली!”

“पुढे!” दोनदाबाई ओरडली आणि खुंटी ठोकली.

मी तुम्हाला कसं सांगू! डांबरावरून जाताना अंग खरवडत होतं, गंजाचे पापुद्रे उडत होते, आणि माझा पाय, म्हणजे माझी मूठ, जमिनीवर ठरत नव्हती. ती मधे मधे स्टुलावर बसे, पाणी पिई, साहेबांच्या हातावरच्या भिंगरीकडे बघून म्हणे, “माझा पाठीवर झोपायचा, ही बघ कशी टक्क जागी!” आणि पुन्हा उठे. खुंट्या तिच्या हातात मावेनात तेव्हा ठेकेदारानं त्या घेतल्या आणि कुणी न सांगता मोजायला लागला.

शेवटची साखळी पाळणाघराच्या फाटकातून आत शिरली. आधीच्या दोन खड्ड्यांवरून पुढे गेली. लाल मातीचा ढीग ओलांडून पुढे गेली. दोनदाबाईनं मला ताणलं.

“आली!”

दोनदाबाई उभी होती तिथे चुन्यानं चौकोन आखलेला होता. घसरगुंडी तिथेच बसवायची होती.

ठेकेदारानं स्वतः फावडं घेतलं. हातभर माती निघाली आणि फावडं ढप्प वाजलं. माती बाजूला केली तेव्हा काळ्या, भिजल्या भाकरीसारख्या मऊ फळ्या दिसल्या. त्यानं पहार नुसती टेकवली, आणि एक फळी मोडून आत गेली. सगळे कान लावून उभे. कितीतरी वेळ काहीच नाही. मग खोल खालून आवाज आला. डुबुक्‌.

आणि त्यामागून थंडगार हवेचा झोत वर आला.

 ठेकेदार मातीच्या ढिगावर मटकन बसला. दोनदाबाईनं साहेबांच्या हातातून भिंगरीला घेतलं आणि असं आवळलं, की ती पोर ओरडली. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

“पाणी आहे अजून,” ती म्हातारी म्हणाली. खड्ड्याकडे नव्हे, वर कुठेतरी बघत. “ऐकलंत ना? तुमचा नकाशा बरोबर आहे.” ते वाक्य आमच्यापैकी कुणासाठीच नव्हतं.

पाळणाघर सोमवारी उघडलं नाही, थोडं उशिरा उघडलं. आता झरोक्याभोवती पक्की भिंत आहे, वर जाड लोखंडी जाळी आहे आणि घसरगुंडी पार दुसऱ्या कोपऱ्यात गेली आहे. मुलं भिंतीला कान लावून खालच्या पाण्याचा आवाज ऐकतात. दोनदाबाईनं जाळी स्वतः ओढून बघितली. किती वेळा ते तुम्ही ओळखलंच असेल. जुन्या नकाशाशेजारी मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि साहेबांनी आपल्या हातानं पाटी लिहिली: ‘नकाशा बरोबर आहे. साखळी चार बोटं जास्त आहे.’

मित्रांनो, झिजणं काही आपल्या हातात नसतं. जो काम करतो तो झिजतो. पण झिजलेल्याला दाराआड टांगून विसरू नये. त्याला अधूनमधून उचलावं, सरळ करावं, कसं काय चाललंय ते बघावं. लोहार मला तेच सांगत होता. रोज सकाळी मापाला लावणं म्हणजे अविश्वास, असं मला वाटायचं. ती काळजी होती, हे मला दोनदाबाईनं शिकवलं.

आता एक छोटंसं काम सांगते, कराल का? त्या दिवसापासून माझं मागचं टोक धरणारी ती दर गुरुवारी इथे येते. कपाट उघडायला लावते आणि जुन्या मऊ फडक्यानं माझ्या मुठींना तेल लावते. गेल्या गुरुवारी ती आली नाही. आजही गुरुवार आहे, ऊन भिंतीवरून खाली उतरलंय, आणि ती आलेली नाही. गुडघाच दुखत असेल, दुसरं काही नसेल. दोनदाबाईनं एव्हाना दोन खेपा घातल्या असत्या, पण भिंगरीला सर्दी झालीय, ती रजेवर आहे. आणि मी ही अशी काचेमागे.

तुम्ही त्या बाजूनं जात असाल तर छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाशेजारी जिना आहे. तिसरा मजला, डावीकडचं दार. तिला ऐकायला कमी येतं. म्हणून दार वाजवा, आणि उघडलं नाही तर तसेच परत फिरू नका. पुन्हा वाजवा.